दिसायला सारखे, अर्थाने निराळे

मराठीत 'सुत' आणि 'सूत' असे दोन शब्द आहेत. पहिल्यातला उकार ऱ्हस्व, दुसऱ्यातला दीर्घ. पहिल्याचा अर्थ मुलगा, दुसऱ्याचा अर्थ धागा. तसेच 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब बापडा. एका उकाराने पोराचा धागा होतो आणि एका वेलांटीने दिवस दरिद्री होतो. शाळेत आपण सर्वांनीच हे शब्द घोकले. पण खरे सांगायचे तर, बोलताना किंवा वाचताना ह्या शब्दांनी आपला घोटाळा फारसा होत नाही. वसुदेवाचा सुत म्हटले की तो मुलगाच, आणि टकळीवरचे सूत म्हटले की तो धागाच. शब्द एकटा कधी येत नाही. तो आपल्या गोतावळ्यासह येतो, आणि गोतावळा ओळखीचा असला की माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत मात्र हा गोतावळा आपल्या ओळखीचा नसतो. मग आपण नुसत्या तोंडवळ्यावर जातो आणि फसतो. इंग्रजीचे तोंडवळेही फसवे. इंग्लंडमध्ये छापखाना आला १४७६ साली. छापील पुस्तकांमुळे शब्दांची लेखी रूपे हळूहळू पक्की होत गेली, बोलणे मात्र पुढे बदलतच राहिले. शिवाय फ्रेंच, लॅटिन, ग्रीक जिथून शब्द आले तिथले कपडे अंगावर तसेच ठेवून आले. त्यामुळे एकसारखे ऐकू येणारे शब्द निरनिराळे लिहिले जातात, आणि एकाच तऱ्हेने लिहिलेले निरनिराळे ऐकू येतात.

श्रोतेहो, हा विषय केवळ शाळेतल्या पोरांचा आहे असे समजून उठून जाऊ नका. इंग्रजी शब्द आता शाळेच्या भिंतींत राहिलेला नाही. तो आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या डब्यावर आहे, बँकेच्या कागदावर आहे, बाजार समितीच्या फलकावर आहे. ज्याच्या सहीने किंवा ज्याच्या हाताने काम व्हायचे, त्याला तो शब्द नीट कळला नाही तर नुकसान त्याचे, लिहिणाऱ्याचे नाही.

आधी एक गोष्ट शिक्षकबंधूंसाठी. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांच्या शेवटी अशा शब्दांची यादी असते. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, मध्ये रेघ. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत हमखास उलटी लिहितात. दोष मुलांचा नाही, मधल्या रेघेचा आहे. एखाद्या घरी जुळी भावंडे असतात. पाहुण्यासमोर दोघांना एकदम उभे केले आणि हा राम, हा लक्ष्मण असे सांगितले, तर तो जन्मभर दोघांत गफलत करील. तोच पाहुणा महिनाभर एकट्या रामाबरोबर राहिला, तर पुढे लक्ष्मण भेटल्यावर तो आपण होऊन म्हणेल, हा काही राम नव्हे. म्हणून माझे म्हणणे असे की ही जोडी एकाच दिवशी शिकवू नये. एक शब्द आधी त्याच्या घरी नेऊन दाखवावा, त्याचे भाऊबंद दाखवावेत, तो अंगवळणी पडू द्यावा. दुसरा पंधरा दिवसांनी आणावा. यादी शेवटी, उजळणीपुरती.

आता डब्याकडे वळू. २०१७ साली पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या जिल्ह्यात काय झाले ते कोणी विसरलेले नाही. कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर यांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. त्याची कारणे अनेक होती. अंगावर, तोंडावर पुरेसे संरक्षण नव्हते, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती, कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि तिच्या दाटीत फवारा अंगावरच येत होता. शब्दांच्या घोटाळ्याने हे झाले, असे मी म्हणत नाही. पण त्यानंतर तरी डब्यावर काय छापले आहे ते वाचायला शिकणे हे आपले काम आहे, इतके म्हणतो. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात मराठी मजकूर असतो, हे खरे. मात्र तो इतक्या बारीक अक्षरांत असतो की धडधाकट डोळ्याच्या माणसालाही चष्मा लागावा. ठळक अक्षरांत दिसतात ते इंग्रजी शब्दच.

पहिली गोष्ट शब्दाच्या शेपटीची. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड, पेस्टिसाइड. चारही शब्दांच्या शेवटी 'साइड'. ही 'साइड' म्हणजे रस्त्याची बाजू नव्हे. बाजूवाला शब्द एस ने सुरू होतो, हा सी ने. लॅटिनमध्ये मारणे ह्या अर्थाचा एक धातू आहे, त्याची ही शेपटी. म्हणजे शेपटी सांगते 'मारणारे', आणि कोणाला मारणारे ते सांगते डोके. इन्सेक्ट म्हणजे किडा, फंगस म्हणजे बुरशी, हर्ब म्हणजे वनस्पती, झाडपाला. पेस्ट म्हणजे पिकाला उपद्रव देणारा कोणीही, म्हणून पेस्टिसाइड हे सगळ्या कुटुंबाचे आडनाव. आता गंमत अशी, गंमत कसली, धोका असा की घाईत माणूस शेपटी वाचतो आणि डोके सोडतो. तणनाशक मारलेला पंप नीट न धुता त्यातच कीटकनाशक भरले, किंवा डबाच चुकून तणनाशकाचा उचलला, तर तण आणि कपाशी दोन्ही त्या औषधाला सारखीच वनस्पती. टू-फोर-डी नावाचे तणनाशक तर कपाशीला फारच बाधते. त्याचा नुसता वारा लागला तरी पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानासारखी लांबट दिसू लागतात. ज्यांनी ते वावर पाहिले आहे त्यांना हर्बिसाइड हा शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही.

दुसरा शब्द याहून फसवा आहे. टँकरवर, रॉकेलच्या पिंपावर, काही औषधांच्या डब्यांवर लिहिलेले असते 'इन्फ्लेमेबल'. शाळेत गुरुजींनी शिकवलेले असते की शब्दाच्या आधी 'इन' लागला की अर्थ उलटा होतो. करेक्ट म्हणजे बरोबर, इन्करेक्ट म्हणजे चूक. व्हिजिबल म्हणजे दिसणारे, इन्व्हिजिबल म्हणजे न दिसणारे. फ्लेम म्हणजे ज्वाळा हेही विद्यार्थ्याला माहीत असते. हुशार विद्यार्थी हिशेब करतो: फ्लेमेबल म्हणजे पेटणारे, तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारे. आणि तिथेच त्या हुशारीचा घात होतो. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे! इथला 'इन' नकाराचा नाही, 'आत' ह्या अर्थाचा आहे. ज्यात आग शिरते ते इन्फ्लेमेबल. डॉक्टर अंगाच्या दाहाला इन्फ्लमेशन म्हणतात, तो ह्याच घरचा शब्द. अमेरिकेत आगीपासून बचावाचे काम करणाऱ्या मंडळींना हा धोका फार आधी दिसला. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी 'इन' काढून टाकून नुसते फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. आपल्याकडे मात्र टँकरवर जुना शब्द अजून दिसतो. न पेटणाऱ्या वस्तूसाठी 'नॉन' हा शब्द आधी लागतो, तो दिसला तरच ती न पेटणारी समजावी.

आपल्या भाषेतही असे आहे बरं का. 'निर्दय' म्हणजे दया नसलेला, पण 'निमग्न' म्हणजे न बुडालेला नव्हे, पुरता बुडालेला. 'अनमोल' म्हणजे ज्याला मोल नाही असे नव्हे, ज्याचे मोल करता येत नाही असे. इंग्रजीतला इन्व्हॅल्युएबल हा शब्द आपल्या अनमोलचा सख्खा भाऊच समजा. तेव्हा मुलांना 'इन म्हणजे नाही' असा सरसकट नियम देऊ नये. 'इन म्हणजे बहुधा नाही, पण कधी आत' असे सांगावे आणि टँकरचे उदाहरण द्यावे. ते पोर घरी जाऊन बापाला सांगेल.

डब्यावर काटकोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वरच्या अर्ध्या भागात शब्द असतो. लाल आणि पिवळ्यावर पॉयझन, निळ्यावर डेंजर, हिरव्यावर कॉशन. लाल रंगावर कवटी आणि हाडांचे चित्रही असते. यांतला कॉशन हा शब्द नीट पाहा. सी, ए, यू, टी, आय, ओ, एन, अशी सात अक्षरे. हीच सातही अक्षरे जागा बदलून लिहिली की होते ऑक्शन: ए, यू, सी, टी, आय, ओ, एन. कॉशन म्हणजे सावध राहा, ऑक्शन म्हणजे लिलाव. एक डब्यावर, दुसरा बाजार समितीत. सी पुढे असला तर सावधगिरी पुढे, इतके ध्यानात ठेवले तरी पुरे. आणि हिरवा रंग पाहून हे औषध निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. कॉशन म्हणजे 'खुशाल वापरा' असे नाही.

माहितीपत्रकात खाली 'इफ स्वॉलोड' अशी सुरुवात असलेली ओळ असते. स्वॉलो म्हणजे गिळणे. एक डब्ल्यू काढून तिथे एच ठेवला की शॅलो, म्हणजे उथळ, विहिरीच्या किंवा पेरणीच्या खोलीबद्दल येणारा शब्द. 'डोस' म्हणजे मात्रा, त्यात एस. 'डोझ' म्हणजे डुलकी, त्यात झेड. आणि फवाऱ्याचे धुके श्वासात घेऊ नका असे सांगताना येतो तो 'ब्रीद', त्याच्या शेवटी ई असतो. ई नसला की 'ब्रेथ', म्हणजे नुसता श्वास. ई आला की करण्याची क्रिया, ई गेला की वस्तू. कापडाला क्लॉथ, कपडे घालण्याला क्लोद, आंघोळीला बाथ, आंघोळ घालण्याला बेद, ही सारी एका माळेतली आहेत. इथे कान उपयोगी पडतो. क्रियेच्या शब्दात शेवटचा 'थ' मऊ होऊन 'द' होतो. मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे.

कपाशीच्या वावरातलेच आणखी एक. गुलाबी बोंडअळीला इंग्रजीत पिंक बोलवर्म म्हणतात. हा 'बोल' म्हणजे बोंड: बी, ओ, एल, एल. ओ च्या जागी ए लिहिला की तो चेंडू, बॉल. मध्ये डब्ल्यू आला की बोल म्हणजे वाडगा, किंवा क्रिकेटमधले चेंडू टाकणे. बोंड गोल असते म्हणून पुष्कळ विद्यार्थी त्याला चेंडूच समजतात, आणि चेंडूची अळी कुठून आली असा प्रश्न त्यांना पडत नाही. आपल्याकडे पाते म्हणतात, फुलाआधीची कळी, तिला इंग्रजी पुस्तकांत चक्क 'स्क्वेअर' म्हणतात. भूमितीचा चौरस आणि कपाशीचे पाते, अक्षर न बदलता दोन अर्थ. तिथे स्पेलिंग काहीच मदत करीत नाही. आजूबाजूला शेत आहे की फळा आहे तेवढे पाहायचे.

आता बँकेच्या कागदांकडे. इथे मला थोडे अधिक थांबायचे आहे.

मराठी लिपीत 'प्रिन्सिपल' असा शब्द आपण लिहितो तेव्हा तो एकच दिसतो आणि ऐकायलाही एकच. इंग्रजीत मात्र हे दोन आहेत. एकाच्या शेवटी ए आणि एल, दुसऱ्याच्या शेवटी एल आणि ई. एल-ई वाला म्हणजे तत्त्व. ए-एल वाला म्हणजे मुख्य. शाळा-महाविद्यालयाचा मुख्य तो प्रिन्सिपल, आणि कर्जातली मुख्य रक्कम, म्हणजे मुद्दल, तीही प्रिन्सिपलच. मुद्दल आणि मुख्याध्यापक एका घरचे कसे असे वाटेल, पण दोन्ही ठिकाणी अर्थ 'मुख्य' हाच आहे. कर्जाच्या खातेउताऱ्यावर हा शब्द शोधावा, त्याच्यापुढे मुद्दल किती उरले ते असते. 'इंटरेस्ट' पुढे व्याज. वर्षभर भरलेले पैसे मुद्दलात गेले की व्याजातच जिरले, हे त्या दोन रकान्यांवरून कळते. तेवढ्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको.

पुढचे जोडशब्द शेपटीचे आहेत आणि सहीच्या जागेशी त्यांचा संबंध आहे. लेसर आणि लेसी. मॉर्गेजर आणि मॉर्गेजी. शेवटी ओ-आर किंवा ई-आर असला की तो देणारा, दोन ई असले की ज्याला दिले तो. एम्प्लॉयर काम देणारा, एम्प्लॉयी ज्याला काम दिले तो. वावर मक्त्याने द्यायचे झाले तर ज्याचे वावर तो लेसर, ज्याने मक्त्याने केले तो लेसी. इथपर्यंत सोपे आहे. गहाणात मात्र भलेभले चुकतात. कर्ज बँक देते, तेव्हा बँक ही देणारी, म्हणून बँक मॉर्गेजर, असा हिशेब मनात होतो. पण मॉर्गेज म्हणजे कर्ज नव्हे. मॉर्गेज म्हणजे गहाण. कर्ज बँक देते, गहाण शेतकरी देतो. म्हणून शेतकरी मॉर्गेजर आणि बँक मॉर्गेजी. कागदावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात आणि कोणाच्या काय जबाबदाऱ्या ते त्यांच्यापुढे लिहिलेले असते. उलटे वाचले तर बँकेची कर्तव्ये आपली वाटतात आणि आपली बँकेची. जाता जाता सांगतो, मॉर्गेज हा शब्द मूळ फ्रेंच आणि त्याचा शब्दशः अर्थ 'मेलेले गहाण'. शब्दाला ज्याने हे नाव दिले त्याला सावकार चांगलाच ठाऊक असावा!

कर्जमाफीला इंग्रजीत वेव्हर म्हणतात. २००८ साली केंद्राची, २०१७ आणि २०१९ साली राज्याची, अशा माफीच्या घोषणा आपण ऐकल्या. हा वेव्हर म्हणजे डब्ल्यू, ए, आय, व्ही, ई, आर. मधला आय काढला की उरतो तो 'वेव्हर' म्हणजे डगमगणे, आणि ए-आय च्या जागी ई-ए लिहिला की होतो वीव्हर, म्हणजे विणकर. पण याहून महत्त्वाचा फरक दिसण्याचा नाही, अर्थाचा आहे. बँकेच्या भाषेत 'राइट ऑफ' असा आणखी एक शब्द आहे, आणि वर्तमानपत्र वाचून लोक त्याला माफीच समजतात. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढून टाकणे. कर्जदाराच्या डोक्यावरचे कर्ज त्याने उतरत नाही, वसुली चालू राहू शकते. माफीने कर्ज जाते, राइट ऑफने बँकेच्या वहीतली ओळ जाते. गावात कोणी 'तुझे राइट ऑफ झाले' असे सांगितले तर पेढे वाटण्यापूर्वी माफीचा कागद मागावा.

बँकेतलाच एक सोपा शब्द, लोन. ए असला तर कर्ज, शेवटी ई असला तर एकटा. कर्ज काढलेला माणूस एकटा पडतो हे खरे असले तरी स्पेलिंगचा तो नियम नव्हे.

आणि फॉर्म. आपल्याकडे 'फारम भरला का?' असे सर्रास विचारतात. हा फारम म्हणजे एफ, ओ, आर, एम. सात-बाराला गाव नमुना म्हणतात, तो नमुना म्हणजे हाच फॉर्म. ओ ऐवजी ए असला की फार्म, म्हणजे शेत. आय असला की फर्म, म्हणजे व्यापारी पेढी. आणि आर व ओ यांनी जागा बदलली की फ्रॉम, म्हणजे 'कडून'. शेतकऱ्याने पेढीकडून शेतासाठी नमुना आणला, ह्या एका वाक्यात चारही येतात. पोरांना फळ्यावर ते इंग्रजीत करायला लावा, पण चारही शब्द एकेक करून झाल्यावर.

'बेल' हा शब्द आपल्या लिपीत लिहिला तर काय काय होतो पाहा. महादेवाला वाहतो तो बेल आपला. शाळेची घंटा ती बेल. कोर्टात जामीन मिळतो तो बेल, बी, ए, आय, एल. यष्टीवरून पडते ती बेलही अशीच लिहितात. आणि कापसाची बांधलेली गाठ तीही बेल, पण बी, ए, एल, ई. आपल्या देशात ती रुईची गाठ १७० किलोची धरतात. वर्तमानपत्रात लाखो बेल्सचे उत्पादन असे येते तेव्हा ते लाखो जामीन नसतात. जिनिंगचा 'जिन' हा शब्द इंजिन ह्या शब्दाचेच तोडलेले शेपूट आहे. दारूच्या जिनशी त्याचे नाते नाही.

ह्याच गाठी वाहून नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची गाडी घातली गेली. तिथून माल मुंबईला आणि पुढे विलायतेला जाई. लोकांनी तिचे नाव शकुंतला ठेवले. गेली काही वर्षे ती उभीच आहे. उभी, न हलणारी म्हणजे स्टेशनरी, आणि इथे शेवटी ए-आर-वाय. वह्या-पेन्सिलींचे सामान तेही स्टेशनरी, पण ई-आर-वाय. मागे इंग्लंडात फिरते विक्रेते पुष्कळ असत, आणि एका जागी दुकान मांडून पुस्तके-कागद विकणाऱ्याला स्टेशनर म्हणत. बेकरची ती बेकरी, तशी स्टेशनरची ती स्टेशनरी. म्हणून त्यात ई-आर. नाते कळले की अक्षर पाठ करावे लागत नाही.

डेअरी आणि डायरी यांचेही तसेच. आपण बोलतो तेव्हा गफलत होत नाही, लिहिताना होते. डायरी डी-आय ने सुरू होते. लॅटिनमध्ये दिवसाला 'डिएस' म्हणतात, आणि तो आपल्या 'दिवस' शब्दाच्याच प्राचीन मुळातून निघालेला आहे. डी-आय म्हणजे 'दि'. दिवसाची वही ती डायरी, दैनंदिनी. मग दुधाच्या डेअरीला उरले डी-ए-आय. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज यांत सी असला की सल्ला, एस असला की सल्ला देणे. प्रॅक्टिस, लायसन्स यांनाही इंग्लंडच्या रीतीने हाच कायदा. अमेरिकन रीत निराळी आहे, तिच्या नादी ह्या इयत्तेत लागू नये.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. त्यावर वाद झाले, त्यात मी शिरत नाही. पण आपल्या जिल्ह्यात केळापूर, झरी, मारेगाव ह्या बाजूला शिकवणाऱ्या शिक्षकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोलाम पाड्यावरचे मूल कोलामी बोलते, तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते, गोंडाचे मूल गोंडी बोलते. त्यांना शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. डायरीचा 'दि' दिवसाचा आहे असे सांगितल्यावर मराठी मुलाचा चेहरा फुलेल, कोलामी मुलाचा फुलणार नाही. त्याला वही हातात द्यावी, तीत रोज आजची तारीख लिहायला लावावी, आणि दुधाचे केंद्र जवळ असेल तर तिथला फलक नेऊन दाखवावा. शब्दाचे घर त्याच्या भाषेत नसेल तर त्याच्या गावात शोधावे. ही मुले तीन-तीन भाषा वागवतात. त्यांची शब्दांची पारख कमी असते असे मानण्याचे काहीच कारण नाही.

शेवटी गावांच्या नावांचे. यवतमाळ हे नाव जुन्या इंग्रजी दप्तरांत 'येओटमाल' अशा तऱ्हेने लिहिलेले सापडते, वाय, ई, ओ, टी. १९०५ पूर्वी ह्या जिल्ह्याचे नावच वणीवरून होते आणि इंग्रजी कागदांत ते 'वुन' असे लिहीत. आजोबा-पणजोबांच्या वेळचे शेताचे किंवा शाळेचे कागद शोधताना ही रूपे ठाऊक असावीत, नाहीतर कागद समोर असून ओळखू येत नाही. आजची अडचण महागाव आणि मारेगाव यांची. इंग्रजीत लिहिताना दोन्ही नावांच्या आरंभी एम आणि ए, आणि शेवटच्या चार अक्षरांत काडीचा फरक नाही. मधल्या दोनच अक्षरांवर सारी भिस्त, एकात एच-ए, दुसऱ्यात आर-ई. एक तालुका पुसद-उमरखेडच्या बाजूला, दुसरा वणीच्या बाजूला, म्हणजे जिल्ह्याची दोन टोके. पिन क्रमांकाचे पहिले तीन आकडे, ४४५, दोन्हीकडे तेच. तेव्हा मनीऑर्डर, पार्सल किंवा अर्ज पाठवताना नाव इंग्रजीत लिहिलेच पाहिजे असेल तर खाली मराठीतही लिहावे, आणि पिनचे शेवटचे तीन आकडे कोणाला तरी विचारून, तपासून मगच टाकावेत.